विश्लेषण : पेट्रोल पंपाखालची टाकी शोधणारे यंत्र आणि राष्ट्राध्यक्षांच्या पाठीतली गोळी… ग्रॅहम बेल यांच्या फसलेल्या प्रयोगाचे पुढे काय झाले?

टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या शरीरातली बंदुकीची गोळी विजेच्या साह्याने शोधण्याचा प्रयत्न केला होता. गोळी सापडली नाही, राष्ट्राध्यक्ष वाचले नाहीत. पण जमिनीखालचे पाइप आणि टाक्या शोधण्यासाठी आज जी यंत्रे वापरली जातात, त्यांचे तत्त्व तेच आहे. आणि बेल ज्या अडचणींपाशी अडले, त्याच अडचणी आजही पेट्रोल पंपावर खोदकाम करणाऱ्यांपुढे येतात.

पंपावर नेमके काय शोधावे लागते?

पेट्रोल पंपावर गाडीत इंधन भरताना आपल्याला दिसतात ती डिस्पेन्सर यंत्रे, वरचे छत आणि हवा भरण्याची जागा. खरा पंप जमिनीखाली असतो. हजारो लिटरच्या पोलादी टाक्या, टाकीपासून प्रत्येक डिस्पेन्सरपर्यंत गेलेल्या इंधनवाहिन्या, टँकर खाली करण्याच्या तोंडाकडून आलेले पाइप, वाफ बाहेर सोडणाऱ्या उंच व्हेंट पाइपकडे जाणाऱ्या नळ्या, विजेच्या केबल आणि अर्थिंगच्या पट्ट्या.

पंपावर नवे छत उभारायचे, सीएनजीची किंवा विजेवरच्या गाड्यांसाठी चार्जिंगची सोय करायची, शेजारचा रस्ता रुंद करायचा किंवा गळतीच्या संशयावरून मातीचे नमुने घ्यायचे, तर ड्रिल खाली जाण्याआधी हे सगळे कुठे आहे ते कळावे लागते. ड्रिल इंधनवाहिनीत घुसले तर पेट्रोल मातीत आणि तिथून आसपासच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात जाते. ठिणगी पडली तर आग लागते. जुनी, वापरात नसलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असू शकते. तिच्यात द्रव नसला तरी उरलेली वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते आणि स्फोट होतो तो त्या मिश्रणाचा.

नकाशा असतो. पण नकाशाप्रमाणेच पाइप टाकला गेला, असे प्रत्येक वेळी होत नाही. म्हणून न खोदता खालचे धातू ‘ऐकावे’ लागते. ऐकावे हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचा, कारण ही कल्पना कामाला लावणाऱ्यांपैकी एक जण आयुष्यभर ऐकण्याच्याच मागे होता.

बेल यांचा ऐकण्याशी संबंध कुठून आला?

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल हे उच्चारशास्त्राचे शिक्षक. तोंडातून निघणारा प्रत्येक ध्वनी कागदावर कसा दाखवायचा, याची एक चिन्हलिपी त्यांनी तयार केली होती. आई एलायझा यांना फारसे ऐकू येत नसे. घरात ध्वनीचा अभ्यास होता आणि ध्वनीचा अभावही होता.

मेलव्हिल आणि एडवर्ड हे दोन्ही भाऊ क्षयाने गेले. उरलेल्या एकुलत्या मुलाला वाचवायचे म्हणून आईवडिलांनी १८७० मध्ये थेट कॅनडा गाठले. पुढच्याच वर्षी बेल बोस्टनला कर्णबधिर मुलांना शिकवू लागले. मेबल हबर्ड ही त्यांच्या विद्यार्थिनींपैकी एक. पाचव्या वर्षी आलेल्या तापात तिची श्रवणशक्ती गेली होती. ११ जुलै १८७७ रोजी दोघांचे लग्न झाले.

त्याआधीच्या वर्षी, ७ मार्च १८७६ रोजी बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले होते आणि तीनच दिवसांनी सहायक थॉमस वॉटसन यांना त्यांचा आवाज तारेवरून ऐकू गेला. हा भाग शाळेच्या पुस्तकात असतो, त्यामुळे त्यावर थांबायला नको. बेल यांनी पेटंटसाठी अर्ज केला त्याच दिवशी एलिशा ग्रे यांनीही अर्ज दाखल केला होता, त्यावरून वाद झाला, खटले वर्षानुवर्षे चालले आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात बेल यांची बाजू टिकली.

टेलिफोनमधल्या खरखरीतून काय सापडले?

सुरुवातीच्या टेलिफोनला एकच तार असे. वीज तारेतून जायची आणि जमिनीतून परत यायची. ही तार तारायंत्राच्या खांबांवरून गेली की शेजारच्या तारेतली कडकट्ट टेलिफोनमध्ये ऐकू येई. दोन तारा एकमेकींना कुठेही चिकटलेल्या नसताना एकीतला संदेश दुसरीत पोहोचत होता.

याचे कारण मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्येच दाखवून दिले होते. तारेतला विद्युतप्रवाह बदलला की तिच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्या क्षेत्रात दुसरी तार असेल तर तिच्यातही प्रवाह निर्माण होतो. हे विद्युतचुंबकीय प्रवर्तन. इंजिनीअरिंगच्या परीक्षेपुरते ‘म्युच्युअल इंडक्टन्स’ पाठ केलेल्या आमच्यासारख्यांना हे सूत्र म्हणून आठवते. बेल यांच्यासाठी मात्र ती ग्राहकांची रोजची तक्रार होती.

लग्नानंतर इंग्लंडमध्ये असताना बेल ही खरखर घालवण्यामागे लागले. एका वेटोळ्यात निर्माण होणारा नको असलेला प्रवाह दुसऱ्या वेटोळ्यातल्या उलट प्रवाहाने मारायचा, अशी त्यांची रीत. दोन सपाट वेटोळी एकमेकांवर नेमक्या बेताने ठेवली की दोन्ही परिणाम एकमेकांना छेद देत आणि टेलिफोन गप्प होई. मग लक्षात आले, की अशा गप्प केलेल्या वेटोळ्यांजवळ धातूचा तुकडा आणला तर समतोल बिघडतो आणि टेलिफोन पुन्हा वाजू लागतो. लंडनमधील डेव्हिड ह्यूज यांनी याच तत्त्वावरचे उपकरण १८७९ मध्ये जगापुढे मांडले. त्याला इंडक्शन बॅलन्स, म्हणजे प्रवर्तनाचा तराजू म्हणतात.

खरखरीवर बेल यांनी काढलेला दुसरा उपाय तर आजही आपल्या घरात आहे. दोन तारांना एकमेकींचा पीळ द्यायचा, म्हणजे बाहेरचा परिणाम दोन्हींवर सारखा होऊन कटतो. त्याचे पेटंट त्यांना जुलै १८८१ मध्ये मिळाले. इंटरनेटच्या लॅन केबलमध्ये असतात त्या पीळ दिलेल्या जोड्या म्हणजे हीच कल्पना.

पण त्या जुलैमध्ये बेल यांचे लक्ष पेटंटकडे नव्हते.

राष्ट्राध्यक्षांना काय झाले होते?

२ जुलै १८८१ रोजी सकाळी राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर आले होते. त्यांना सत्तेवर येऊन जेमतेम चार महिने झाले होते. चार्ल्स गिटो या इसमाने मागून दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीत उजव्या बाजूने शिरली आणि आत राहिली.

गोळी कुठे आहे हे कळायला मार्ग नव्हता. एक्स-रेचा शोध लागायला अजून चौदा वर्षे होती. डॉक्टरांनी तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे जखमेत बोटे आणि सळया घालून चाचपायला सुरुवात केली, तीही न धुतलेल्या हातांनी. जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशकांचे महत्त्व १८६७ मध्येच मांडले होते, पण अमेरिकेतील अनेक नामवंत डॉक्टरांना ते पटलेले नव्हते. उपचारांची सूत्रे डॉ. विलर्ड ब्लिस यांनी आपल्या हाती घेतली. गोळी उजव्या बाजूलाच, खाली गेली आहे, असे त्यांचे ठाम मत झाले.

वर्तमानपत्रांतून रोज प्रकृतीची माहिती छापून येत होती. खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकम्ब यांनी विजेच्या साह्याने शरीरातला धातू शोधता येईल का, असा विचार मांडल्याचे बेल यांनी वाचले आणि त्यांना आपली ती गप्प केलेली वेटोळी आठवली. त्यांनी मदतीची तयारी कळवली आणि बोस्टनहून वॉशिंग्टन गाठले. आदल्या वर्षी फ्रान्सचे व्होल्टा पारितोषिक मिळाले होते, त्या पैशांतून त्यांनी तिथे प्रयोगशाळा काढली होती. सहकारी सम्नर टेंटर मदतीला होते. मेबल बोस्टनला होत्या, त्यांना दिवस गेले होते.

यंत्र कसे चालायचे?

एका वेटोळ्यातून बॅटरीचा प्रवाह सतत तोडत-जोडत सोडायचा. दुसरे वेटोळे टेलिफोनच्या कानाच्या भागाला जोडायचे. दोन्ही अशी बसवायची की कानात काहीच ऐकू येऊ नये. मग हा जोड रुग्णाच्या अंगावरून फिरवायचा. खाली धातू आला की शांतता मोडते.

सांगायला सोपे, करायला अवघड. गोळी शिशाची होती. शिसे चुंबकाला दाद देत नाही आणि विजेला तांब्याच्या बारापटींहून जास्त रोध करते, म्हणजे शोधायला सगळ्यांत नावडता धातू. त्यात ती इवलीशी. ढोबळ गणित असे, की लहान वस्तू वेटोळ्यापासून दुप्पट दूर गेली तर तिच्याकडून परत येणारा परिणाम चौसष्टपट घटतो. दोन इंचांवर ठणठणीत वाजणारी गोळी चार इंचांवर जवळजवळ मुकी होते. यंत्राची ताकद वाढवून या गणिताशी झगडणे म्हणजे उभ्या कड्यावर चढणे.

बेल आणि टेंटर यांनी दिवसरात्र एक केले. वेटोळ्यांचे आकार बदलले, तारांची जाडी बदलली. मांसाच्या तुकड्यात गोळी लपवून पाहिली, मुठीत धरून पाहिली. अमेरिकी यादवी युद्धात लागलेल्या गोळ्या अजून अंगात वागवणारे जुने सैनिक बोलावले आणि त्यांच्यावर यंत्र चालवले. तिथे ते बोलले. हा मुद्दा महत्त्वाचा, कारण यंत्र मुळातच निरुपयोगी होते असा समज नंतर पसरला.

व्हाइट हाऊसमध्ये काय घडले?

पहिली चाचणी २६ जुलैच्या संध्याकाळी झाली. बेल यांनी कानाला टेलिफोन लावला तर शांततेऐवजी फरफर असा आवाज. काही केल्या तो जाईना, आणि त्या आवाजात गोळीचा क्षीण इशारा ऐकू येणे शक्यच नव्हते. परतल्यावर उलगडा झाला : ऐनवेळी बसवलेला एक कंडेन्सर घाईत चुकीचा जोडला गेला होता. ज्यांनी कुणी प्रात्यक्षिकाच्या दिवशी ऐनवेळी सर्किटमध्ये ‘एवढाच एक बदल’ केला आहे, त्यांना ही संध्याकाळ वेगळी समजावून सांगायला नको.

दुसरी चाचणी १ ऑगस्टला. या वेळी यंत्र व्यवस्थित होते. डॉ. ब्लिस यांच्या मतानुसार शोध उजव्या बाजूलाच घ्यायचा होता. यंत्र फिरवताना एका भागात मंद आवाज आला. पण तो एका ठिपक्यापाशी वाढून बाजूला कमी होत नव्हता, बऱ्याच रुंद पट्ट्यात सारखाच येत होता. गोळी असती तर आवाजाला टोक असायला हवे होते. बेल यांना ते खटकले. डॉक्टरांना मात्र आपल्या अंदाजाला दुजोरा मिळाला असे वाटले आणि तसे जाहीरही झाले.

दुसऱ्या दिवशी बेल पुन्हा व्हाइट हाऊसमध्ये गेले आणि पलंगाजवळचा सगळा धातू हलवला होता ना, अशी विचारणा केली. तेव्हा कळले, की राष्ट्राध्यक्ष निजले होते त्या घोड्याच्या केसांच्या गादीखाली आणखी एक गादी होती, पोलादी तारांची. अशा गाद्या तेव्हा नव्या होत्या, सहसा कुणाच्या घरी नसत.

मग दोष गादीचा होता का?

बहुतेक ठिकाणी ही गोष्ट इथेच संपते : गादीतल्या तारांनी बेल यांना फसवले. पण स्वतः बेल इतक्यावर थांबले नाहीत. त्यांनी तसलीच दुसरी गादी मिळवली आणि तिच्यावर प्रयोग केले. ती तारांची मोठ्या भोकांची जाळी होती, पलंगभर पसरलेली. आवाज मात्र पलंगभर आला नव्हता, एका भागापुरताच आला होता. त्यामुळे सगळा दोष तिच्यावर टाकणे त्यांना पटले नाही. त्यांनी हे १८८२ मध्ये माँट्रियल येथे विज्ञान संस्थेच्या अधिवेशनात वाचलेल्या सविस्तर निबंधात नोंदवले आहे, चुकीच्या जोडणीच्या कबुलीसह.

खरी गोम शवविच्छेदनात कळली. गारफिल्ड यांना सप्टेंबरच्या सुरुवातीला न्यू जर्सीच्या समुद्रकाठी हलवण्यात आले आणि १९ सप्टेंबर १८८१ रोजी त्यांचे निधन झाले. गोळी मणक्यातून पलीकडे जाऊन डाव्या बाजूला, स्वादुपिंडामागे होती, खोलवर. ज्या बाजूला यंत्र नेलेच नाही, त्या बाजूला. डॉक्टर ज्याला गोळीचा मार्ग समजत होते तो पुवाने भरलेला बोगदा होता. मृत्यू जंतुसंसर्गातून ओढवला, यावर आज बहुतेक वैद्यकीय अभ्यासकांचे एकमत आहे. आरोपी गिटोने तर राष्ट्राध्यक्षांना डॉक्टरांनी मारले असा बचाव न्यायालयात केला. तो चालला नाही, जून १८८२ मध्ये त्याला फाशी झाली.

म्हणजे तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. शोधायची वस्तू यंत्राच्या टप्प्याबाहेर खोल होती. शोधाची जागा आधीच कुणीतरी ठरवून दिली होती. आणि भोवतालच्या धातूची माहिती यंत्र चालवणाऱ्याला वेळेवर मिळाली नव्हती. अडचण तिसरी असली तरी लोकांच्या लक्षात तीच राहिली, कारण गादीची गोष्ट सांगायला मजेदार आहे.

याच ऑगस्टमध्ये मेबल यांना अवेळी मुलगा झाला. त्याला श्वास घेता येईना, काही तासांत तो गेला. त्याचे नाव एडवर्ड ठेवले होते. शोकातून बेल यांनी छातीभोवती बसणारे, हवेचा दाब कमीजास्त करून श्वास चालवणारे धातूचे जाकीट तयार केले. पुढच्या शतकात पोलिओच्या रुग्णांसाठी आलेल्या ‘आयर्न लंग’ची ती आधीची पायरी मानली जाते.

गोळी शोधण्याचे यंत्रही त्यांनी टाकून दिले नाही. टेलिफोनला जोडलेली सुई वापरून गोळी शोधण्याची सुधारित पद्धत त्यांनी काढली आणि एक्स-रे येईपर्यंत काही शल्यचिकित्सकांनी ती वापरली.

शरीरातून जमिनीकडे हा प्रवास कसा झाला?

पुढचे मोठे नाव गेरहार्ड फिशर यांचे. जर्मनीहून अमेरिकेत आलेले हे अभियंते १९२० च्या दशकात विमानांना दिशा दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेवर काम करत होते. काही ठिकाणी यंत्रणा चुकीची दिशा दाखवत असे. जमिनीत धातू किंवा खनिज असले की रेडिओलहरी वळतात, हे त्यांनी ओळखले. बेल यांच्यासारखेच झाले : एका कामातली कटकट दुसऱ्या कामाचे साधन झाली. फिशर यांनी १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे गॅरेजमध्ये कंपनी सुरू केली आणि १९३७ मध्ये त्यांना धातुशोधक यंत्राचे पेटंट मिळाले.

त्या घराण्यातले ‘टू-बॉक्स’ यंत्र आजही टाक्या शोधायला वापरतात. लांब दांड्याच्या एका टोकाला लहरी सोडणारी पेटी, दुसऱ्या टोकाला पकडणारी पेटी. माणूस ते कावडीसारखे धरून चालतो. दोन्ही पेट्या एकमेकींशी अशा काटकोनात ठेवतात की सरळ येणारी लहर पकडलीच जाऊ नये. खाली टाकीसारखा मोठा धातू आला की समतोल मोडतो आणि यंत्र वाजते. बेल यांची दोन वेटोळी हवेत, चार फूट अंतरावर धरली आहेत असे समजा.

इंधनवाहिनीसाठी पद्धत थोडी वेगळी. तिथे ट्रान्समीटरने पाइपमध्येच ठरावीक कंपनसंख्येचा बारीक प्रवाह निर्माण करतात आणि रिसीव्हर घेऊन वरून त्याचा माग काढतात. तारायंत्राच्या तारेतला आवाज टेलिफोनच्या तारेत ऐकू यायचा, तेच हे, फक्त इथे मुद्दाम घडवून आणलेले. लांब वाहिनीचे क्षेत्र अंतराबरोबर हळू घटते, दुप्पट अंतरावर निम्मे. बेल यांच्या गोळीच्या तुलनेत पाइप शोधणे म्हणूनच पुष्कळ सोपे. मात्र इंधनाच्या पाइपला थेट क्लिप लावताना ठिणगीचा धोका असतो. म्हणून शक्यतो पाइपभोवती बसणारा चिमटा किंवा दुरून प्रवर्तन वापरतात आणि ट्रान्समीटर टाकीच्या तोंडापासून लांब ठेवतात.

मग पंपावर अडते कुठे?

पहिली अडचण पंपाच्या फरशीत. जड टँकर पेलायला घातलेल्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी असते. धातूच्या जाळीवर उभे राहून तिच्याखालचा धातू शोधायचा, म्हणजे व्हाइट हाऊसचा पलंगच. फरक इतकाच, की इथे जाळी आपल्या आणि वस्तूच्या मध्ये असते. जाणकार माणूस सुरुवात फरशीबाहेरून, मोकळ्या मातीवरून करतो किंवा जाळीचा आवाज हाच शून्य धरून त्यापेक्षा वेगळे काय वाजते ते पाहतो.

दुसरी अडचण अर्थिंगची. सुरक्षिततेसाठी टाक्या, डिस्पेन्सर, छताचे खांब सगळे एकमेकांना जोडलेले असते. एका पाइपमध्ये सोडलेला सिग्नल सगळ्या आवारात पसरतो. मग बेल यांना आला तसाच रुंद, टोक नसलेला आवाज येतो आणि तो ऐकून इथेच पाइप आहे असे म्हणण्याचा मोह होतो.

तिसरी अडचण नवी आहे. गंज टाळण्यासाठी आता अनेक ठिकाणी पोलादी नळ्यांऐवजी प्लास्टिकच्या इंधनवाहिन्या टाकतात. त्यांना वीजच चालत नाही, तेव्हा धातुशोधकासाठी त्या नसल्यासारख्या. तिथे जमिनीत रेडिओलहरी सोडून परावर्तन टिपणारे रडार, म्हणजे जीपीआर वापरतात. त्यात टाकी पडद्यावर कमानीसारखी दिसते. पण ओली चिकणमाती या लहरी शोषून घेते. आपल्याकडच्या काळ्या मातीत, त्यातही पावसाळ्यात, रडारचा टप्पा फार कमी होतो. सळ्यांची जाळी दाट असेल तर तीही लहरी वरच्या वर परतवते.

म्हणून एकाच यंत्रावर भिस्त ठेवत नाहीत. आधी डोळ्यांनी : व्हेंट पाइप कुठे, टँकर खाली करण्याचे तोंड कुठे, डिप रॉड टाकण्याचे झाकण कुठे, फरशीला नवा जोड कुठे दिसतो. टाकीची लांबी कुठल्या दिशेला असेल याचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो. मग नकाशा, मग यंत्रे, आणि जिथे त्यांचे एकमत होत नाही तिथे यंत्राने न खोदता हाताने किंवा हवेच्या झोताने माती काढून घेतलेला चाचणी खड्डा. आणि रिकामी समजली जाणारी बाजूही तपासायची. जुन्या पंपांवर नकाशात नसलेली टाकी निघते ती बहुधा तिथेच.

आपल्याकडे पेट्रोल साठवणुकीच्या परवान्यांचे काम पाहणाऱ्या पेट्रोलियम तथा स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे ‘पेसो’चे मुख्यालय नागपुरात आहे. परवान्यासोबत मंजूर नकाशा असतो, तो आधी पाहायला हवा. खोदकामाची सूचना जमिनीखालच्या केबल-पाइपच्या मालकांना मिळावी म्हणून मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. पंपाच्या आवारातल्या वाहिन्यांची माहिती मात्र तेल कंपनी आणि पंपचालक यांच्याकडेच मागावी लागते.

बेल यांचे पुढचे आयुष्य कसे गेले?

गारफिल्ड यांच्या निधनानंतर चार महिन्यांनी, जानेवारी १८८२ मध्ये, मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. बेल यांचे मन तोवर टेलिफोनच्या धंद्यातून उडाले होते. १८८६ मध्ये एका अंध आणि कर्णबधिर मुलीला घेऊन तिचे वडील त्यांना भेटले. तिच्यासाठी शिक्षिका मिळवण्याची वाट बेल यांनी दाखवली. ती मुलगी हेलन केलर.

कर्णबधिरांच्या जगात मात्र त्यांचे नाव आजही कडवटपणे घेतले जाते. मुलांनी ओठांवरून ओळखून बोलायलाच शिकावे, खुणांची भाषा शाळेत नको, असा त्यांचा आग्रह होता. कर्णबधिरांनी आपसांत लग्ने केली तर मानवजातीत एक बहिरी शाखा तयार होईल, अशी भीती त्यांनी १८८३ च्या निबंधात घातली. आई आणि पत्नी दोघी कर्णबधिर असलेल्या माणसाने हे लिहावे, याचे आश्चर्य वाटते. आवारातली एक बाजू न तपासताच निष्कर्ष काढल्याचा दोष इथे त्यांच्याकडेच जातो.

उत्तरायुष्य त्यांनी बरेचसे कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतात, बॅडेक गावाजवळच्या आपल्या घरी घालवले. पतंग, विमाने, पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटी असे उद्योग तिथे चालत. त्यांच्या गटाचे ‘सिल्व्हर डार्ट’ विमान फेब्रुवारी १९०९ मध्ये तिथल्या गोठलेल्या तळ्यावरून उडाले. १९१९ मध्ये त्यांच्या बोटीने ताशी ११४ किलोमीटर वेग गाठून विक्रम केला, तेव्हा ते ७२ वर्षांचे होते.

मधुमेहाच्या गुंतागुंतीतून २ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचे तिथेच निधन झाले. दोन दिवसांनी घराजवळच्या टेकडीवर त्यांचे दफन झाले, तेव्हा अमेरिका आणि कॅनडातील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले.